नोएल सरांना घातलेलं गणित

दिंडोशीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुबोध पेडणेकरला आयुष्यात तशी कोणाची असूया वाटली नव्हती. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा गाडीला घालायला हार यानेच आणला. धाकट्या भावाने बोरिवलीला मोठी जागा घेतली तेव्हा वास्तुशांतीच्या पंगतीत वाढायला हाच पुढे. बस डेपोत याच्या मागून लागलेले लोक वर चढले आणि हा टाइमकीपरच राहिला, तरी कोणाच्या पेढ्याला त्याने कधी नाही म्हटलं नाही. असा हा भला माणूस पन्नाशीला टेकता टेकता एका ट्यूशनवाल्या, पोरगेल्या मास्तरावर जळायला लागला. आणि असा की घरात काही करपल्याचा वास आला तर जानकीने, म्हणजे त्याच्या बायकोने, गॅसकडे बघण्याआधी नवऱ्याकडे बघावं.

कारण होतं श्रुतिकाचं गणित.

श्रुतिका त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा बाकीचा अभ्यास जानकीने घेतला, पण गणिताला सुबोधने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हा बारावीत होता आणि याला इंजिनिअर व्हायचं होतं. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेला, गणित एकाएकी इंग्रजीत आलं, आणि प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून जे काय बोलले ते फळ्यालाच कळलं. बारावीला काठावर सुटला आणि मिळाली ती नोकरी धरली. गणिताची हौस तेवढी राहिली. ती मुलीवर फिटली. संध्याकाळी डेपोतून आला की चहा, खारी आणि श्रुतिकाची वही, हा त्याच्या दिवसातला खरा वेळ. बाकीचा दिवस तो ड्युटी म्हणून काढायचा. दहावीला तिला गणितात उत्तम मार्क पडले तेव्हा डेपोत पेढे वाटताना तो "पास झालो" म्हणाला, "झाली" नव्हे.

त्याचे गणिताचे काही खास घरगुती नियम होते. त्यातला लाडका नियम डाव्या बिंदूचा. आलेखावरचे दोन बिंदू दिले आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढायला सांगितला, की आधी बघायचं, डावीकडचा बिंदू कोणता. तो पहिला, उजवीकडचा दुसरा. मग दुसऱ्याच्या वायमधून पहिल्याचा वाय वजा, दुसऱ्याच्या एक्समधून पहिल्याचा एक्स वजा, वरच्याला खालच्याने भागलं की चढ. 'डावा आधी' असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण सुबोधने त्याच्या वेळेला परीक्षेत वर एक क्रम धरला होता आणि खाली उलटा. चढणारी रेषा कागदावर उतरायला लागली होती. तेव्हापासून डावा आधी. श्रुतिका हा नियम हळदीकुंकवाला आधी हळद लावावी तितक्या बिनतक्रार पाळायची.

अकरावीला तीही सायन्सला गेली आणि तिच्या बाबतीतही तेच झालं. कॉलेजात इंग्रजीत काय चाललंय ते डोक्यावरून जायला लागलं. तिची मैत्रीण दिशा मरोळच्या नोएल सरांकडे जायची. सर तिथल्या जुन्या गावठाणातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिश्चन. इंजिनिअर झाले, नोकरी केली, सोडली, आणि आता आजोबांच्या घराच्या ओटीवर मराठी शाळेतल्या मुलांना अकरावीचं गणित आधी मराठीत समजावायचे आणि मग इंग्रजीत लिहायला शिकवायचे. असं कोणी आपल्याला भेटलं असतं तर, असं म्हणत सुबोधने स्वतः तिला नेऊन त्या क्लासला घातलं. म्हणजे पायावर धोंडा त्याने स्वतःच पाडून घेतला होता.

पंधरवड्याच्या आत घरात "नोएल सर म्हणतात" सुरू झालं. सर म्हणतात पाठ करू नका. सर म्हणतात चुकलं तर खोडू नका, शेजारी लिहा. एकदा तर आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हाही सर काहीतरी म्हणत होते. सुबोध "हं, हं" करायचा. मग एका संध्याकाळी ती वही घेऊन बसली.

"पप्पा, आज आम्ही दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण केलं."

"बघू," तो सरसावून बसला. "कुठले बिंदू? (१, २) आणि (३, ८). बरं, डावा कुठला?"

"कुठलाही घ्या हो."

"कुठलाही कसा घेऊ? डावा आधी."

"तसं काही नसतं पप्पा. हे बघा, मी मुद्दाम उजवा आधी घेते. दोन वजा आठ, वजा सहा. एक वजा तीन, वजा दोन. भागा. आला ना तीनच? वर-खाली क्रम एकच ठेवायचा, बस. सर म्हणतात, रेषेला डावं-उजवं काही कळत नाही."

सुबोधच्या तोंडात खारी होती. ती तशीच राहिली.

"आणि समीकरण तर एकदम सोपं," ती तिच्या नादात पुढे निघाली. "रेषेवरचा कुठलाही एक बिंदू घ्यायचा. कुठे आहे माहीत नाही, म्हणून त्याचं नाव (x, y). पहिल्या बिंदूपासून त्याच्यापर्यंतचा चढ पण तीनच यायला पाहिजे. नाही आला तर तो रेषेवरचा नाहीच. एवढंच लिहायचं." आणि तिने लिहिलं, y − 2 = 3(x − 1), म्हणजे y = 3x − 1.

हे सूत्र सुबोधला तीस वर्षं तोंडपाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी त्याने म्हणून दाखवलं असतं. पण ते आलं कुठून, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. ते आत्ता, खारी चावता चावता, मुलीच्या तोंडून कळलं. आणि कळलं याचंच त्याला सगळ्यात जास्त लागलं. सूत्र चुकीचं निघालं असतं तर त्याने सरांना हसून सोडून दिलं असतं. हा माणूस बरोबर होता, आणि सोपा होता, आणि आपल्या मुलीला आवडत होता.

तिथून त्याचा जळफळाट उघड झाला. सरांचे केस फार वाढलेत. सर क्लासमध्ये हाफ पँट घालतात, ही काय पद्धत? सर सात लिहिताना मध्ये आडवी रेघ मारतात, उद्या बोर्डाच्या परीक्षेत कोणाला कळणार? श्रुतिका अंघोळीला गेली की तो गुपचूप तिच्या वहीत सरांनी लिहून दिलेली उदाहरणं तपासायचा, एखादी चूक सापडावी म्हणून. सापडायची नाही. मग दिवसभर तोंड उतरलेलं. ती रात्री जेवताना सरांचा एखादा विनोद सांगून हसायला लागली, की हा मुद्दाम पाण्याचा तांब्या आणायला उठायचा.

"तुमका काय झोंबता, ता माका ठावक आसा," जानकी म्हणाली. ती चिडवायला लागली की मालवणीवर उतरायची. "पोरगी शिकतेय ना? मग शिकवणारा कोण का असेना."

"मला कशाला झोंबेल?" सुबोध म्हणाला, आणि उशिरापर्यंत कूस बदलत राहिला.

त्याला सर नको होते असं नाही. मुलीचं गणित सुधारतंय हे दिसत होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की सर एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर अडावेत. म्हणजे श्रुतिका घरी येऊन म्हणेल, सरांना नाही आलं, पप्पा, तुम्ही सांगा. तिने पुन्हा आपल्याला विचारावं, एवढ्यासाठी हा माणूस झुरत होता, आणि सरळ तसं म्हणायची त्याच्यात हिंमत नव्हती.

त्याने अकरावीचं पुस्तक मागवलं आणि डेपोत डबा खाल्ल्यावर उघडून बसायला लागला.

"काय रे पेडणेकर, सायन्सला ॲडमिशन घेतलीस काय?" सहदेव कंडक्टरने विचारलं.

"एकाची जिरवायचीय."

"मग पुस्तक कशाला? माणसं पाठवू का?"

सुबोधने पान उलटलं. तो सरांच्या पद्धतीत भोक शोधत होता. कुठलेही बिंदू घेतले तरी पद्धत चालायची. जवळचे, लांबचे, ऋण संख्यांचे, अपूर्णांकांचे, सगळ्यांना चालायची. आणि एके दुपारी, काही विचार न करता, त्याने (४, १) आणि (४, ७) घेतले. सात वजा एक, सहा. चार वजा चार, शून्य. सहा भागिले शून्य. शून्याने भागता येत नाही हे तर शाळेतलं पोरही सांगेल. चढच निघत नाही. चढ नाही तर सरांचं समीकरण कसलं?

सुबोधला इतका आनंद झाला की त्याने तिथेच पुस्तक मिटलं आणि सहदेवला चहा पाजला.

आता हे गणित सरांना घालायचं कसं? त्याची सोय सरांनीच करून ठेवली होती. दर तिमाहीला ते रविवारी सकाळी पालकांना बोलवायचे. मुलं बसतात त्याच बाकांवर पालक बसायचे, मुलं मागे सतरंजीवर, आणि शेवटी 'पालकांचं गणित' असायचं. कुठल्याही एका पालकाने उठून मनातलं एक गणित घालायचं. दिशाच्या आईने मागच्या वेळी विचारलेल्या पुरणपोळ्यांच्या गणितावर मुलं आठवडाभर हसत होती. तेव्हा सुबोधची ड्युटी होती, पण हे सगळं श्रुतिकाने घरी सांगितलं होतं. गणित सोडवायचं कोणी, एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि सुबोधनेही विचारलं नाही. त्याने मनात ठरवून टाकलं की सोडवणार सरच.

रविवारी बापलेक आरेतून जाणाऱ्या बसने मरोळला निघाले. श्रुतिका खिडकीशी बसून रस्त्यातले गोठे बघत होती. सुबोध मनात मांडे खात होता. सर फळ्यासमोर उभे आहेत, खडू अडलाय, केसांतून हात फिरवतायत. आणि मागून श्रुतिका बघतेय.

"काय हसताय पप्पा?"

"काही नाही गं. हवा छान आहे."

ओटी पालकांनी भरली होती. सरांनी सगळ्यांची चौकशी केली. सुबोधशी हात मिळवून म्हणाले, "काका, पोरीचा पाया एकदम मजबूत आहे. दहावीपर्यंत तुम्हीच घ्यायचात ना? दिसतं ते." दुसऱ्या कोणाचंही मन एवढ्याने वितळलं असतं. सुबोधला त्यातलं फक्त 'दहावीपर्यंत' ऐकू आलं.

शेवटी सर म्हणाले, "चला, पालकांचं गणित. कोण घालतंय?"

सुबोधचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. उभा राहून, घसा खाकरून तो म्हणाला, "बिंदू (४, १) आणि बिंदू (४, ७). यांतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा."

"झकास," सर म्हणाले. "या प्रकरणातलं गणित पालकांकडून पहिल्यांदाच आलं. श्रुतिका, ये."

"ती कशाला?" सुबोध म्हणाला.

"नियम आहे ना काका. ज्याच्या घरचं गणित, त्याच्या घरच्यानेच सोडवायचं."

श्रुतिका उठली. फळ्याशी जाताना तिने बापाकडे पाहून हसून मान हलवली. तिला वाटलं असावं, पप्पांनी सोपंसं काहीतरी काढलंय. तिने दोन्ही बिंदू लिहिले. वर सात वजा एक. खाली चार वजा चार. सहा भागिले शून्य. आणि खडू थांबला.

सुबोधच्या मनात एक क्षण फटाका फुटला. अडली, सरांची पद्धत अडली. दुसऱ्या क्षणी त्याला पोरीचे कान दिसले. दोन्ही कान लालभडक झाले होते. मागे सतरंजीवरून विकी नावाचा कोणी मुलगा खुसखुसला. सर काही बोलेनात. मुलं अडली की ते मदत करायचे नाहीत, अडू द्यायचे, ही त्यांची रीत. पण सुबोधला ती माहीत नव्हती. त्याला वाटलं यांनाही येत नाही. आणि पोरीचे कान दिसत असूनही त्याच्या तोंडून निघून गेलं,

"बघा सर. तुमची पद्धत इथे नाही चालत."

"बरोबर," सर शांतपणे म्हणाले. "नाही चालत. पण दोन बिंदू आहेत म्हणजे रेषा तर आहे. मग तिचं समीकरण काय? तुम्हीच सांगा काका."

आणि तिथे, सगळ्या बाकांच्या मधोमध उभा असताना, सुबोध पेडणेकरच्या लक्षात आलं की आपल्याला उत्तर माहीत नाही. त्या दुपारी शून्य दिसताच त्याने आनंदाने पुस्तक मिटलं होतं. सरांचं अडेल कुठे, एवढंच त्याने शोधलं होतं. पुढे काय, हे शोधायची गरजच त्याला वाटली नव्हती. बसावं तर सगळे बघतायत, उभं राहावं तर काय बोलावं. दिशाच्या आईने नजर खाली वळवली. त्या दयेपेक्षा विकीचं हसणं परवडलं असतं.

श्रुतिका बापाकडे बघत होती. मग ती फळ्याकडे वळली. तिने एक आडवी आणि एक उभी रेघ मारून अक्ष काढले, चारच्या वर एक ठिपका दिला, त्याच्या बरोब्बर डोक्यावर दुसरा, आणि दोन्हींतून एक सरळ उभी रेषा ओढली. खाली लिहिलं, x = 4. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

"परफेक्ट," सर म्हणाले. टाळ्या वाजल्या. सुबोधनेही वाजवल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती वेगळ्या सीटवर बसली. घरी येऊन चपला काढता काढताच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कोणाला पाडायचं होतं? मला की सरांना?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "सरांना," सुबोध म्हणाला.

"मग फळ्यासमोर मी का उभी होते?"

"तू येशील हे मला ठाऊक नव्हतं गं."

"आणि तुमच्या नियमाने तरी ते कुठे सुटत होतं? चार आणि चार. सांगा, डावा कुठला?"

जानकीने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. पुढचे काही दिवस श्रुतिका त्याच्याशी आईमार्फत बोलायला लागली. पप्पांना सांग दूधवाला आलाय. पप्पांना सांग माझा चार्जर द्या. संध्याकाळचा चहा व्हायचा, खारी असायची, आणि ती आतल्या खोलीत दार लोटून बसायची. सुबोधला स्वतःची लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली असूया होती तशीच होती. सरांनी त्याचा पाणउतारा केला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. हाच तर त्रास होता. वाईट वागले असते तर बरं झालं असतं.

त्यात आणखी एक किडा डोक्यात वळवळत होता. x = 4. यात वाय कुठे गेला? रेषा म्हटली की समीकरणात एक्स हवा आणि वाय हवा, अशीच त्याची सवय. त्याने पुस्तक पुन्हा उघडलं. तिथे एक ओळ होती, ती वाचली, पटली नाही. डेपोत बसून तो तासन्‌तास त्या उभ्या रेषेकडे बघत बसला. नोएल सरांचा नंबर मोबाइलमध्ये होता. "सर, एक शंका आहे" एवढं त्याने टाइपही केलं. मग पाठवायच्या ऐवजी पुसून टाकलं. जगात कोणालाही विचारलं असतं, याला नाही.

म्हणजे विचारायला एकच माणूस उरलं.

संध्याकाळी तो आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. श्रुतिका दिशाशी फोनवर बोलत होती. तिने भुवया उंचावून "काय?" केलं.

"ते x = 4," सुबोध म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "त्यात वाय कुठे गेला, ते मला कळत नाहीये. रागावली असशील तर राहू दे. मी नंतर येतो."

तिने वही जवळ ओढली. मग फोनमध्ये म्हणाली, "दिशा, नंतर करते गं. पप्पांना शिकवायचंय."

तिने पलंगावर जागा केली. तो बसला. तिने उभी रेषा काढली आणि तिच्यावर पेन्सिल खालून वर फिरवली.

"इथे वाय एक आहे. इथे सात. इथे शंभर. खाली वजा शंभरसुद्धा. तो काहीही असला तरी चालतं, म्हणून त्याच्याबद्दल काही लिहायचंच नाही. अट फक्त एक्सवर आहे. त्याने चार सोडायचे नाहीत. कळलं?"

कळलं. लख्ख कळलं. आणि कळल्याबरोबर तीच जुनी असूया जागी झाली. विचारू नये असं त्याने ठरवलं होतं, तरी राहवलं नाही.

"हे सरांनी सांगितलं?"

"नाही," श्रुतिका म्हणाली. "कोणीच नाही सांगितलं. त्या दिवशी तुम्ही तिथे गप्प उभे होतात ना, सगळे तुमच्याकडे बघत होते, तेव्हा माझं मला कळलं."